सहाशे वीस अंकांचं कुलूप

स्नेहल मगदूम बाईंना नंबर थिअरी शिकवायचीच नव्हती. बाईंचा विषय समीकरणांचा. बावीस वर्षं तो शिकवून इतका मुरला होता की झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी फळ्यापाशी जाऊन सुरुवात केली असती. पण विभागातले जाधव सर जूनमध्ये निवृत्त झाले, त्यांची जागा भरायची फाइल कुठल्याशा टेबलावर निवांत पहुडली आणि सरांचा पेपर बाईंच्या गळ्यात आला. त्या पेपरात चार युनिट. चौथं युनिट विद्यापीठाच्या त्रेचाळीस कॉलेजांत एकाच पंधरवड्यात शिकवलं जायचं, कारण लगेच पुढच्या आठवड्यात परीक्षा असायची. मास्तर लोक परीक्षेला लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच शिकवतात, यात नवल काही नाही.

या चौथ्या युनिटात मोठ्या संख्येचे अवयव पाडायची एक जुनी युक्ती होती. ९९९१ ही संख्या घ्या. कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून ती आली? दोननं भाग, तीननं भाग, पाचनं भाग, असं करत गेलात तर पंचविसाव्या भागाकाराला उत्तर हाती लागेल. युक्ती म्हणते, तसं नको, वर्गमूळ काढून बघा. ते येतं शंभराच्या किंचित खाली. मग पुरे शंभर धरा. शंभराचा वर्ग दहा हजार, त्यातून ९९९१ वजा केले की उरले नऊ. नऊ हा तीनचा वर्ग. संपलं काम. शंभरातून तीन वजा केले की एक अवयव, शंभरात तीन मिळवले की दुसरा: ९७ आणि १०३. मात्र ही गंमत चालते ती दोन्ही अवयव एकमेकांच्या अगदी शेजारी असतील तरच. ते लांब असले की वर्गमुळापासून एकेक पायरी चढता चढता जन्म जातो.

बाईंनी मंगळवारी दुपारी स्टाफरूममध्ये बसून दुसऱ्या दिवशीचा तास तयार केला. युक्ती चालते ते एक उदाहरण झालं होतं. चालत नाही असं एक हवं होतं, आणि ते शोधायला लांब जायला नको होतं. सभागृहाबाहेरच्या काळ्या पाटीवर कुंटे संख्या कोरलेली होती. सहाशे वीस अंकांची. जगातले सगळे संगणक जुंपले तरी फुटायची नाही, असं पाटी बसवताना मंत्रीमहोदय म्हणाले होते. बाईंनी ती जुन्या फाइलीतून लॅपटॉपवर टाकली, युक्तीच्या चार ओळी लिहिल्या आणि चहाचा कप उचलला.

कप ओठाला लागायच्या आत उत्तर आलं होतं. पहिल्याच पायरीला. दोन संख्या, प्रत्येकी तीनशे दहा अंकांच्या, आणि शेवटचे तीन अंक सोडले तर दोन्ही तंतोतंत सारख्या.

बाईंनी लॅपटॉप मिटला आणि इकडे तिकडे पाहिलं. खिडकीशी हुद्दार बाई पेपर तपासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. स्नेहल बाईंनी चहा तसाच बाजूला सरकवला.

आता कुंटे संख्या म्हणजे काय ते सांगायलाच हवं, त्याशिवाय बाईंची पाचावर धारण का बसली ते कळायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी राज्यात ‘स्पंद’ नावाचं यंत्र आलं. काड्यापेटीहून लहान, छातीत कातडीखाली बसवायचं आणि दमलेल्या हृदयाला ठोके द्यायचं. अशी यंत्रं आधीही होती. स्पंदची खुबी ही, की ते रोज दुपारी दोन वाजता मिरजेच्या केंद्राशी बोलायचं. दिवसभराची नोंद पाठवायचं, आणि तिकडून हुकूम यायचा, उद्या चालताना इतके ठोके, झोपेत इतके. माणूस जेवून लवंडलेला असायचा, त्याला पत्ताही लागायचा नाही. पण हुकूम हवेतून येणार, तर तो केंद्राचाच कशावरून? कुणी उपटसुंभानं ‘ठोके बंद’ असा हुकूम सोडला तर? त्यासाठी ही संख्या. दोन प्रचंड मूळ संख्या निवडायच्या आणि गुणायच्या. गुणाकार उघड ठेवायचा, तो प्रत्येक यंत्रात कोरलेला, प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर बारीक अक्षरात छापलेला. ते झालं कुलूप. त्या दोन मूळ संख्या म्हणजे किल्ली, आणि ती फक्त केंद्राच्या एका बंदिस्त संगणकात. किल्ली असेल त्यालाच हुकमावर खरी सही करता येते, आणि यंत्र ती सही गुणाकाराशी ताडून पाहतं. गुणणं पोरखेळ, गुणाकार उलटा फोडणं मात्र अशक्यप्राय. कुलूप नंतर बदलायची सोय मुद्दामच ठेवली नव्हती. बदलता आलं असतं तर चोरानंही बदललं असतं.

आज राज्यात अडतीस हजार लोकांच्या छातीत स्पंद होतं. त्यातले एक भरत मगदूम, बाईंचे यजमान, कन्याशाळेचे क्रीडाशिक्षक. त्या घटकेला दोनला पाच कमी होते. भरत सर शाळेच्या पंपघरामागच्या बाकावर आडवे होऊन दोन वाजायची वाट बघत असणार, हे बाईंना डोळे मिटूनही दिसत होतं.

आणि किल्ली कशी केली गेली, तेही त्यांना दिसत होतं. कारण ती त्यांनीच केली होती.

अकरा वर्षांपूर्वीचा तो समारंभ. संख्या निवडायचा मान कॉलेजच्या निवृत्त कुंटे सरांना मिळाला होता, आणि सरांनी योजना मोठी देखणी केली होती. संगणकावर विसंबायचं नाही, अंक फाशांनी पाडायचे. एकतीस पाहुणे बोलवायचे. मतदानाला असतो तसा पुठ्ठ्याचा आडोसा करायचा, एकेकानं आत जायचं, दहा बाजूंचा फासा दहा वेळा टाकायचा आणि पडलेले अंक स्वतः यंत्रात भरायचे. कुणाचे अंक कुणाला दिसायचे नाहीत. एकतीस दाहे तीनशे दहा. त्या संख्येपुढची पहिली मूळ संख्या यंत्र शोधणार, ती पहिली. जेवण झालं की पुन्हा सगळ्यांनी फासे टाकायचे, ती दुसरी.

कागदावर सगळं झकास. पण आपल्याकडे समारंभ म्हटला की सत्कार आला. आमदारांचा सत्कार, चेअरमनांचा सत्कार, डॉक्टरांचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. पावणेदोन तास शाली आणि नारळ इकडून तिकडे गेले. फाशांची पहिली फेरी संपेस्तोवर अडीच वाजले. कारकुनानं रजिस्टर फिरवलं आणि शहाणपण केलं, “साहेब, दुसऱ्या फेरीच्या कागदावर पण आत्ताच सही मारून टाका, मागनं गर्दी होती.” सगळ्यांनी मारल्या. देखरेख म्हणून खाली सही होती कुंटे सरांची, त्यांनीही मारली. जेवण झालं आणि पाहुणे हात पुसत गाड्यांत बसले. सरांना मुलाखतीसाठी धरून नेलं. जाता जाता सर म्हणाले, “स्नेहल, दुसरी फेरी तेवढी बघ गं.”

सभागृहात उरल्या त्या एकट्या बाई, छत्तीस वर्षांच्या, सकाळपासून उपाशी. यंत्र दुसऱ्या तीनशे दहा अंकांची वाट बघत होतं. शेजारी दुसरं बटण होतं, ‘पुढची मूळ संख्या’. बाईंनी विचार केला. पहिली संख्या जगात कुणाला ठाऊक नाही, मग तिच्या पुढची तरी कशी ठाऊक असणार? तर्क कसा बिनतोड वाटत होता. दारात आचाऱ्याचा माणूस येऊन म्हणाला, “मॅडम, जिलेबी संपत आलीया.” बाईंनी बटण दाबलं आणि जेवायला गेल्या.

दोन शेजारच्या संख्या. बाहेर कोरलेला गुणाकार. आणि किल्ली कुठली, तर चौथ्या युनिटातलं एक वाक्य. वर्गमूळ काढून बघा.

बुधवारी सकाळी फोन वाजला. तासगावच्या कॉलेजातले उपाध्ये सर होते, बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि भलते उत्साही.

“मॅडम, नमस्कार. एक विचारू का? उद्या युनिट चार घेतोय. म्हटलं, पोरांना जरा मजा म्हणून कुंटे संख्येवर पद्धत चालवून दाखवावी. तुमच्याकडे संख्येची फाइल असेल ना? पाटीचा फोटो आहे, पण सहाशे वीस अंक टाइप कोण करणार?”

“नको,” बाई म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की सावरून घ्यावं लागलं. “म्हणजे, संगणक अडकून बसेल हो. तास वाया जाईल.”

“तेच तर दाखवायचंय. अडकतोय कसा ते.”

“असं करा,” बाईंच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, “तुम्ही सोमवारपर्यंत थांबा. मीच येते. पाहुणी म्हणून त्यावरच बोलते.”

“काय सांगता! मग बॅनर लावतो मॅडम.”

चार दिवस मिळाले. पण उरलेली एकेचाळीस कॉलेजं? त्या मास्तरांना काय सांगायचं? कारण द्यायचं तर कारणातच किल्ली होती. ‘त्या संख्येला ही पद्धत लावू नका’ असं नुसतं म्हटलं तरी चार जण घरी जाऊन आधी तेच करणार. बाईंनी बावीस वर्षं पोरांना ‘का?’ विचारायला शिकवलं होतं, आणि आता कुणी ‘का?’ विचारू नये म्हणून त्या देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

बाई सांगलीच्या विश्रामबागेत कुंटे सरांकडे गेल्या. सरांचं वय चौऱ्याऐंशी, नजर अधू झालेली, पण अंक अजून तोंडी. बाईंनी दार लोटून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. फासे, बटण, जिलेबी, सगळं. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “दोघींत अंतर किती?”

बाईंनी सांगितलं.

“अगं, अगं,” सर म्हणाले. “अकरा वर्षं त्या पाटीवर माझं नाव आहे. येणाऱ्या जाणाऱ्याला मी दाखवतो. आणि साधं वर्गमूळ काढून पाहायचं मला सुचलं नाही. सुचणार कसं? मला वाटत होतं फासे पडलेत.”

“सर, चूक माझी आहे. मी तसं लिहून देणार आहे.”

“न बघता सही माझी आहे. ती पण लिही.” सरांचा आवाज कडक झाला. त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. “तू मला त्या दिवशी संध्याकाळी सांगायला हवं होतंस स्नेहल. मी रागावलो असतो, पुन्हा फासे टाकले असते, विषय संपला असता. तू नाही सांगितलंस.”

 मग सरच म्हणाले, “कुलूप बदलता येत नाही. मग उपाय एकच दिसतो. केंद्रानं शेवटचा हुकूम सोडायचा, यापुढे कुणाचंच ऐकू नका. यंत्रांचे कान बंद. ज्या गतीवर असतील त्या गतीवर चालत राहतील.” ते थांबले. “भरतचं काय गं?”

हा प्रश्न बाईंनी स्वतःला मंगळवारपासून विचारला नव्हता, म्हणजे विचारायचं टाळलं होतं. बहुतेक रुग्णांना एकच गती वर्षभर पुरायची. काही थोड्यांचं हृदय मात्र असं लहरी, की त्यांची गती रोज नव्यानं बेतावी लागे. भरत सर त्यांतले. रोज दुपारी दोनला नवा हुकूम आला म्हणून तर हा माणूस खो-खोच्या मैदानावर शिट्टी वाजवत उभा राहायचा. यंत्र काढून दुसरं बसवावं म्हटलं तर दोन शस्त्रक्रिया झालेल्या, आणि तिसरी सोसवणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं.

बाई घरी आल्या. संध्याकाळी भरत सर मैदानावरून आले ते खुशीत. “सुवर्णा चौगुलेनं आज खांबावर असा सूर मारला की बस. यंदा जिल्हा आपलाच.” मग बाईंकडे पाहून म्हणाले, “काय गं, चेहरा का असा एरंडेल प्यायल्यासारखा?”

“नवा पेपर आहे, ताण येतोय.”

“तू आणि गणिताचा ताण? बोल की काय ते.”

“काही नाही हो. जेवा तुम्ही.”

ते जेवत होते आणि बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मनात हिशेब चालला होता आणि त्या हिशेबाची त्यांना लाज वाटत होती. चौथं युनिट पंधरवड्यात संपेल. उपाध्येंना सोमवारी काहीतरी थाप मारता येईल. अकरा वर्षं कुणाला सुचलं नाही, आणखी अकरा वर्षं सुचणार नाही. तोवर भरतना रोज दोन वाजता हुकूम मिळत राहील. अडतीस हजार माणसं कुठं डोळ्यांपुढं आहेत? हा माणूस आहे, भाकरीचा तुकडा मोडतोय.

जेवणं उरकल्यावर बाईंनी सहज फोन उघडला. विद्यापीठातल्या गणितवाल्यांचा गट होता, त्यात इस्लामपूरच्या एका बाईंनी विचारलं होतं, ‘युनिट चारसाठी मोठ्या संख्यांची उदाहरणं आहेत का कुणाकडे?’ खाली कुणीतरी उत्तर म्हणून काळ्या पाटीचा फोटो टाकला होता. त्याखाली अकरा अंगठे.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाई मिरजेच्या स्पंद केंद्रात बसल्या होत्या. बाहेरच्या खिडकीवर त्यांना तक्रारीचा फॉर्म भरायला सांगितला गेला, सात दिवसांत उत्तर येईल म्हणाले. बाई आयुष्यात कधी कुणावर ओरडल्या नव्हत्या. त्या दिवशीही ओरडल्या नाहीत, पण खिडकी सोडून हलल्याही नाहीत. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा संचालक डॉ. फिरोज मुजावर स्वतः बाहेर आले.

“मॅडम, रोज दोन तरी लोक येतात. कुणी म्हणतं यंत्रातून गाणी ऐकू येतात, कुणी म्हणतं शेजारी हुकूम सोडतो. तुमचं काय?”

“मला एक गुणाकार करून दाखवायचाय. नेटला जोडलेला नसेल असा संगणक हवा. दोन मिनिटं.”

त्यांच्या आवाजात काहीतरी असावं. डॉक्टरांनी त्यांना आत नेलं. बाईंनी पर्समधून दोन कागद काढले, हातानं लिहिलेले, आणि एकेक अंक भरत गेल्या. दोन मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. मग गुणाकाराचं बटण डॉक्टरांनाच दाबायला सांगितलं आणि शेजारी भरत सरांचं कार्ड ठेवलं. डॉक्टर भिंग घेऊन ओळीमागून ओळ ताडत गेले. निम्म्यावर आल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि उठून दाराला आतून कडी लावली.

“कसं सापडलं?”

“वर्गमूळ काढलं. बीएस्सीचं पोरगं काढेल. याच आठवड्यात काढेल.”

“या अल्ला,” डॉक्टर हळूच म्हणाले. “कुणाकुणाला माहितीये?”

“कुंटे सर, मी, आणि आता तुम्ही.”

“आणि मिस्टर?”

“नाही.”

पुढचे दोन तास डॉक्टरांनी फोनवर काढले, वरच्या लोकांशी, कारण न सांगता. मग त्यांनी बाईंना पुन्हा आत बोलावलं. समोर एक यादी होती. “कान बंदच करावे लागणार. उद्या दुपारी दोनच्या हुकमात सदतीस हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी लोकांचे होतील, त्यांना कळणारसुद्धा नाही. पण रोज गती लागणारे सहाशे बारा आहेत. त्यांना बोलावून प्रत्येकाची एकच कायमची गती ठरवायची, मगच इथल्या इथं, छातीला यंत्र टेकवून, त्यांचे बंद करायचे. रविवारपर्यंत.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “भरत सर त्यात आहेत. तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“तरी आलात.”

 बाईंनी लिहून आणलेला कबुलीजबाब टेबलावर ठेवला. त्यात समारंभाची तारीख होती, बटण होतं, सरांच्या सांगण्यावरून सरांची सहीही होती. डॉक्टरांनी तो वाचला आणि घडी करून खणात टाकला. “चौकशी होईल मॅडम. नोकरीचं मी काही सांगू शकत नाही.”

संध्याकाळी भरतना सगळं सांगायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. कुठून सुरुवात करायची तेही रिक्षात बसून ठरवलं. पण केंद्रातल्या लोकांनी यादी हाती येताच फोन लावायला घेतले होते, आणि यादीत सांगली-मिरजेचे लोक सर्वांत वर होते. बाई घरी पोचल्या तेव्हा भरत सर पायरीवर बसले होते. अंगात मैदानाचा ट्रॅकसूट, बूट तसेच.

“मुजावर डॉक्टरांचा फोन आला होता,” ते म्हणाले. “म्हणाले, मॅडमनी सांगितलंच असेल.”

बाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी सांगितलं. भरत सरांना गणित फारसं यायचं नाही, पण दोन शेजारच्या संख्यांची गोष्ट त्यांना लगेच समजली. खो-खोत दोन खेळाडू चुकून एकाच चौकोनात बसावेत तसं झालं, एवढं ते म्हणाले. मग म्हणाले, “मला आधी का नाही विचारलंस?”

“तुम्ही काय म्हणाला असता?”

“जा, सांगून ये, असंच म्हणालो असतो.”

“माहितीये मला. मग ते तुम्ही केलेलं झालं असतं. चूक मी करायची आणि निस्तरायचं तुम्ही मन मोठं करून, असं मला नको होतं.”

“पण हृदय माझं होतं गं,” भरत सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. “मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस तू माझ्याबरोबर एका ताटात जेवलीस आणि बोलली नाहीस.”

 बाई रडल्या. भरत सरांनी त्यांना रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. मग उठून बूट काढायला आत गेले.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता सदतीस हजार यंत्रांनी शेवटचा हुकूम ऐकला आणि कान मिटले. बाई त्या वेळी वर्गात होत्या, बुधवारचा राहिलेला तास घेत ९९९१ चे अवयव पाडून दाखवत होत्या. त्या रुग्णांपैकी कुणाला काही कळलं नाही. पण इस्लामपूरच्या बाईंनी गटात विचारलं, ‘ही पाटीवरची संख्या पहिल्याच पायरीला फुटतेय, माझं काही चुकतंय का?’ तो संदेश बाईंनी शनिवारी सकाळी अकरा वाजता वाचला. अजून दोनशे लोकांचे कान उघडे होते. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उरलेल्यांना आजच बोलावतो, रविवारवर राहत नाही. बाईंनी इस्लामपूरला फोन केला आणि साफ खोटं बोलल्या. पाटीवर कोरताना अंक चुकलाय, म्हणाल्या. त्या बाईंना ते पटलं, गटातला संदेशही त्यांनी काढून टाकला. कोरणारे चुकतात, हे कुणालाही पटतं.

भरत सरांना दुपारी तीनची वेळ मिळाली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

“सर, स्पष्ट सांगतो. एक आकडा ठरवायचाय. मिनिटाला साठ ठेवले तर हृदयावर ताण कमी. दहा-बारा वर्षं काढाल. पण जिना चढताना दम लागेल, मैदान विसरायचं. ऐंशी ठेवले तर मैदानावर उभे राहाल, शिट्टी वाजवाल. मग स्नायू लवकर थकेल. चार वर्षं, कदाचित पाच. कमीही. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. मधला कुठलाही आकडा घेता येतो. एकदा घेतला की बदलता येणार नाही.”

“साठ,” बाई म्हणाल्या.

भरत सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण कधी नव्हे इतकं लांबून पाहिलं. “स्नेहल, तू जरा बाहेर बसतेस?”

“अहो, पण…”

“तुझ्याकडचा आकडा तू मला न विचारता उघडा केलास. बरोबर केलंस. हा माझा आहे. हा मला एकट्याला ठेवू दे.”

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. आतलं काही ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटांत दार उघडलं आणि भरत सर शर्टाची बटणं लावत बाहेर आले. “चल,” म्हणाले. डॉक्टरांकडे बाईंनी पाहिलं, तर त्यांनी नजर चुकवली.

सोमवारी बातमी जाहीर झाली. कॉलेजनं पाटीवर कापड टाकलं, चौकशी समिती नेमली आणि बाईंना घरी बसवलं. कुंटे सरांनी पत्रकारांना दारातच सांगितलं, सही माझी आहे, आत या, चहा घ्या. उपाध्येंचा फोन आला, रागावलेला आणि हळहळलेला, बॅनर छापून आला होता म्हणाले. बाईंनी माफी मागितली. त्या दिवसांत त्यांना ती सारखीच मागावी लागत होती.

भरत सर शाळेत जायला लागले. मैदानावर जातात की ऑफिसात बसतात, ते सांगत नव्हते आणि बाई विचारत नव्हत्या. घरी येताना ते दमलेले असायचे, पण ते सुट्टीच्या दिवशीही दमायचे. ट्रॅकसूट रोज धुवायला पडायचा, पण तो त्यांनी सवयीनं घातला असला तर? बाई प्रत्येक गोष्टीतून आकडा काढायला बघायच्या आणि मग स्वतःलाच दटावायच्या.

एका रविवारी दुपारी जेवण झालं. भरत सर खुर्चीत पेपर वाचता वाचता डुलकी घेत होते, डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली लोंबत होता. बाई शेजारी मोड आलेली मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले आणि तो लोंबता हात उचलून मांडीवर घेतला, आखडेल म्हणून. बोटं आपोआप मनगटावर टेकली. ठोका लागला. एकसारखा, नियमित, एकही मागं पुढं नाही. समोर भिंतीवर घड्याळ होतं, सेकंदाचा काटा फिरत होता. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं.

एक, दोन, तीन, असं मनात सुरू झालंच. बाईंनी डोळे मिटून घेतले. मिटले तरी मन मोजत होतं. मग त्या हलक्या आवाजात बोलायला लागल्या, काहीबाही, मटकी किती महाग झालीये, हुद्दार बाईंचा फोन आला होता, वरच्या टाकीचा कॉक गळतोय. मोजदाद चुकावी म्हणून बोलत राहिल्या.

भरत सरांनी डोळे उघडले नाहीत. “मोज की,” म्हणाले.

“नको,” बाई म्हणाल्या. “त्या कॉकचं काय करायचं, ते सांगा.”